पाकिटावरचा मार्च आणि मेलबर्नचा मार्च: काळ्या पाइनच्या बियांचा दोन पेरण्यांचा अनुभव

मेलबर्नमध्ये राहून बोन्साय करणाऱ्याला जपानी काळ्या पाइनचे, म्हणजे कुरोमात्सुचे, चांगले बी सहज मिळत नाही. पिच कँकर नावाचा बुरशीजन्य रोग पाइनच्या बियांवाटे पसरू शकतो, त्यामुळे परदेशातून येणाऱ्या या बियांबाबत ऑस्ट्रेलियाचे जैवसुरक्षा नियम कडक आहेत, आणि ते तसेच असायला हवेत. म्हणून जानेवारी २०२३ मध्ये मी देशातल्याच एका लहान बी-विक्रेत्याकडून, ज्याने रीतसर मार्गाने उत्तर गोलार्धातले बी आणले होते, १०० बियांचे पाकीट १८ डॉलरला घेतले. त्याविषयी इतक्या उशिरा लिहिण्याचे कारण एवढेच, की एकाच पाकिटातल्या बियांची मी दोन वेगवेगळ्या ऋतूंत पेरणी केली आणि दोन्हींचे निकाल हाती आल्याशिवाय मत देणे विक्रेत्यावर अन्याय करणारे ठरले असते.

बी उत्तम होते, हे आधी सांगते. पंख काढून स्वच्छ केलेले, तांदळाच्या दाण्याएवढे, भरीव आणि एकसारखे. मोजून १०४ निघाले. पाकिटावर ‘संकलन: ऑक्टोबर २०२२’ असे स्पष्ट छापले होते, आणि माझ्या मते १८ डॉलरांतला मोठा वाटा या एका ओळीचाच होता. पाइनचे बी कधी गोळा केले हे कळल्याशिवाय त्याला किती काळ थंडीत ठेवावे आणि त्याच्याकडून किती उगवणीची अपेक्षा धरावी, हे ठरवता येत नाही. बहुतेक पाकिटांवर केवळ ‘अमुक तारखेपूर्वी वापरा’ असे असते, त्यातून काहीच उलगडत नाही.

अडचण झाली ती सोबतच्या सूचनापत्रकाने. ‘बी २४ तास भिजवावे, ओल्या वाळूत ठेवून जानेवारी-फेब्रुवारीत फ्रिजमध्ये ठेवावे आणि मार्चमध्ये पेरावे,’ असे त्यात लिहिले होते. ही सूचना जपानसाठी अचूक आहे. तिथे शंकू ऑक्टोबरच्या सुमारास पिकतात, हिवाळा बियांची सुप्तावस्था मोडतो आणि मार्च-एप्रिलच्या उबेत कोंब वर येतात. ताकामात्सु परिसरात, जिथे जपानमधली बहुतांश पाइन बोन्साय तयार होतात, ऋतूंचा क्रम हाच आहे. मेलबर्नमध्ये मात्र मार्च म्हणजे शरद ऋतूची सुरुवात. मृग नक्षत्र लागले की पेरणी, हे ऐकत वाढलेल्या माझ्यासारखीला हे आपोआप सुचायला हवे होते, कारण ज्या जूनमध्ये आमच्या गावाकडे शेतात तिफण चालते त्याच जूनमध्ये इथे वर्षातला सर्वांत लहान दिवस असतो. तरीही छापील पत्रकावर विश्वास ठेवून मी ४० बिया मार्चच्या पहिल्या आठवड्यात पेरल्या.

त्यांपैकी २३ उगवल्या. एप्रिलमध्ये दिवस लहान होत गेले, रोपे प्रकाशाकडे वाकून उंच आणि किरकोळ झाली, खोडे लालसर व कडक होण्याआधीच पावसाळी थंडी सुरू झाली आणि रोपे जमिनीलगत मऊ पडून कोलमडू लागली. रोपवाटिकेतल्या मर रोगाची ही नेहमीची खूण आहे: ओल, गारवा आणि कोवळे खोड एकत्र आले की मातीतल्या बुरशीला आणखी काही लागत नाही. वसंतापर्यंत सहाच रोपे टिकली. यात बियांचा दोष तिळमात्र नव्हता.

उरलेले बी मी कोरडेच राखून ठेवले होते, आणि पुढचे यश सर्वस्वी त्या साठवणीमुळे मिळाले. पाकीट कागदी होते, आणि कागदातून फ्रिजमधली दमट हवा आत जाते, म्हणून बी घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, सिलिका जेलच्या पुडीसह, सुमारे ४ अंशांवर ठेवले. पाइनचे कोरडे बी असे थंडीत वर्षभर सहज टिकते. त्याहून अधिक वर्षांसाठी ते शून्याखाली गोठवताही येते, पण भिजवलेले बी कधीही गोठवू नये, कारण आतले पाणी गोठून गर्भ मरतो. कोरडी थंडी केवळ बियांचे आयुष्य राखते. सुप्तावस्था मोडते ती ओली थंडी. सूचनापत्रकात या दोन गोष्टींत फरक केलेला नाही, आणि माझी सर्वांत गंभीर तक्रार हीच आहे. दक्षिण गोलार्धातल्या ग्राहकाला ऑक्टोबरमध्ये गोळा केलेले बी पुढच्या सप्टेंबरपर्यंत, म्हणजे जवळजवळ ११ महिने, सांभाळायचे असते. त्यातले नऊ-साडेनऊ महिने कोरडे आणि शेवटचे सहा आठवडे ओले, असा हिशेब त्याला कोणीतरी सांगायला हवा.

१५ जुलैला मी ६० बिया भिजवल्या, दुसऱ्या दिवशीही पाण्यावर तरंगणाऱ्या सात काढून टाकल्या आणि बाकीच्या ओलसर वाळूत घालून ४५ दिवस फ्रिजमध्ये ठेवल्या. सप्टेंबरच्या आरंभी जाडसर प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी खडा) आणि चाळलेल्या पाइन-सालीच्या मिश्रणात पेरणी केली. ५३ पैकी ४१ बिया तीन आठवड्यांत, जवळजवळ एकाच वेळी उगवल्या. ही एकसारखी उगवण शीतसंस्काराचा, म्हणजे पेरणीआधी दिलेल्या ओल्या थंडीचा, खरा लाभ आहे आणि बोन्सायवाल्यांना तिचे मोल विशेष असते, कारण नोव्हेंबरमध्ये २० रोपांची खोडे बीजपत्रांखाली कापून, रूटिंग हार्मोन लावून पुन्हा लावताना सगळी एका वयाची मिळाली. त्यांपैकी १३ रोपांना मुळे फुटली, आणि ती चाकाच्या आऱ्यांसारखी चहूबाजूंनी पसरलेली आहेत. सोटमूळ राखलेल्या रोपाला असा पाया लाभणे कठीण असते.

आणखी एक उणीव सांगायला हवी. हा विक्रेता काळा, तांबडा आणि पाच सुयांचा पांढरा, अशा तिन्ही पाइनच्या पाकिटांत तेच पत्रक घालतो. पांढऱ्या पाइनला, म्हणजे गोयोमात्सुला, ओली थंडी ६० ते ९० दिवस लागते. त्याआधीच बाहेर काढल्यास ग्राहक बियांनाच दोष देईल. याउलट हिमालयातल्या चीडला अशा थंडीची गरज नसते, त्यामुळे पुण्याकडच्या मित्रांनी सुरुवात त्यापासून करावी, असे मला वाटते.

विक्रेत्याला मी हे सारे पत्राने कळवले. उत्तर सौजन्याचे आले, मात्र गेल्या ऑक्टोबरच्या संकलनाचे जे नवे पाकीट परवा हाती आले त्यात पत्रक तेच आहे. बियांसाठी मी पूर्ण गुण देईन, मार्गदर्शनासाठी निम्मेही देणार नाही, आणि तरीही बी इथूनच घेत राहीन, कारण संकलनाचा महिना छापण्याइतका प्रामाणिकपणा मला या देशात दुसरीकडे आढळलेला नाही. नवे बी बरणीत गेले आहे आणि झाकणावर १५ जुलै ही तारीख लिहून ठेवली आहे.