वापरलेली चामडी होल्स्टर: साताऱ्यातील पावसाळ्यानंतरचा अनुभव

साताऱ्यातील एका पतसंस्थेत मी सशस्त्र सुरक्षारक्षक म्हणून काम करतो. गेल्या उन्हाळ्यात निवृत्त होणाऱ्या एका सहकाऱ्याकडून .३२ रिव्हॉल्व्हरची दोन वापरलेली चामडी होल्स्टर, म्हणजे शस्त्र कमरेला लावायची म्याने, घेतली. एक जाड, झाकणाचे आणि टिचबटणाचे. दुसरे मऊ, उघड्या तोंडाचे. उन्हाळा, पूर्ण पावसाळा आणि आता थंडी एवढ्या काळाच्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे, की जुन्या होल्स्टरचे वाटोळे दुर्लक्षापेक्षा अतिकाळजीने, त्यातही तेलाने, अधिक होते.

देखभालीला हात घालण्यापूर्वी चामडे कोणत्या प्रकारे कमावलेले आहे हे पाहावे. कापलेली कड न्याहाळली, तर बहुधा उत्तर मिळते: साल, हिरडा अशा वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेल्या चामड्याची कड आतपर्यंत तपकिरी दिसते, तर क्रोमने (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेल्या चामड्याच्या मधल्या थरात निळसर-करडी छटा असते. माझे जाड होल्स्टर पहिल्या प्रकारचे आहे. ते ओले करून रिव्हॉल्व्हरच्या आकारावर बसवलेले असल्यामुळे त्याचा घट्टपणा हाच त्याचा खरा गुण आहे आणि स्वच्छतेच्या नावाखाली तोच गमावणे परवडणारे नाही.

स्वच्छ करताना शस्त्र रिकामे करून, काडतुसांसह दुसऱ्या खोलीत ठेवावे. प्रथम कोरड्या मऊ ब्रशने शिलाईतील आणि झाकणाखालील धूळ काढावी. रोजच्या वापरात बहुतेक वेळा एवढेच पुरते. घामाचे आणि मळाचे थर असतील, तर सॅडल सोपचा (चामडे धुण्याच्या खास साबणाचा) फेस घट्ट पिळलेल्या फडक्यावर घेऊन हलक्या हाताने फिरवावा, दुसऱ्या ओलसर फडक्याने तो पुसून घ्यावा आणि होल्स्टर पंख्याच्या वाऱ्यात, सावलीत वाळू द्यावे. पाण्यात बुडवणे, उन्हात टांगणे किंवा हेअर ड्रायरचा झोत मारणे सर्वस्वी टाळावे. वनस्पतिजन्य कमावणीचे ओले चामडे साधारण ७० ते ८५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान आकसते, आणि त्याहून कमी उष्णतेतही घाईने वाळवले तर कडक होऊन तडकते. आतील बाजू केवळ कोरड्या कापडाने पुसावी, कारण तेथे राहिलेला ओलावा पुढे शस्त्राच्या पोलादाला लागतो.

आता तेलाविषयी. आपल्याकडे चामडे दिसले की खोबरेल तेलाची बाटली पुढे येते. परंतु ते थंडीत गोठते, कालांतराने खवट होते आणि चामडे काळवंडवते. गुरांच्या पायांपासून काढलेले नीट्सफूट तेल चामड्यासाठीच असले, तरी ते तंतू सैल करते. बुटाला किंवा घोड्याच्या खोगिराला ते हवे असते, होल्स्टरला नको. मी बाहेरच्या बाजूस मधमाशीच्या मेणाचा पातळ लेप लावतो, तोही चामडे रुक्ष दिसू लागल्यावरच, आणि काही वेळाने कापडाने घासून जास्तीचा लेप काढून टाकतो. घासल्यावर लालसर भुकटी हाताला लागत असेल, तर ते चामडे आतून कुजू लागले आहे असे समजावे. त्यावर कोणतेही तेल ओतून ते पूर्वीसारखे होत नाही.

खरी कसोटी पावसाळ्यात लागली. शहराजवळच्या यवतेश्वरच्या डोंगराच्या बाजूने ढग उतरले, की घरातील आर्द्रतामापक दिवसेंदिवस ८० टक्क्यांच्या वर राहतो, आणि बंद कपाटात बुरशीला याहून अधिक काही लागत नाही. चामड्यावर पांढरे दिसले की लगेच बुरशी मानू नये. थंडीत चामड्यातील मेद वर येऊनही पांढुरका थर दिसतो. तळहाताच्या उबेने किंवा कापडाने घासल्यावर तो विरघळून नाहीसा होतो. बुरशी मात्र केसाळ दिसते आणि तिला कुबट वास येतो. ती घराबाहेर, तोंडाला मास्क लावून कोरड्या ब्रशने झाडावी आणि तो ब्रश पुन्हा पॉलिशसाठी वापरू नये. डांबराच्या गोळ्या कीटकांसाठी असतात. बुरशीसाठी त्यांच्यावर विसंबू नये.

साठवणुकीचा मुख्य नियम असा, की शस्त्र होल्स्टरमध्ये मुक्कामाला ठेवू नये. चामडे हवेतील ओलावा धरून ठेवते आणि कमावणीतील आम्लांमुळे पोलादावर गंज चढतो. पितळी टिचबटणे आणि चामड्याच्या पट्ट्यातील काडतुसे यांवर दिसणारा हिरवा थर हा तांबे आणि चामड्यातील मेदाम्ले यांच्या संयोगाने बनतो. तो लाकडी काडीने खरवडून काढावा. होल्स्टर सुती पिशवीत, प्लॅस्टिकमध्ये कदापि नाही, आडवे ठेवावे. निवडणुकीच्या आचारसंहितेत ज्यांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागते, त्यांनी रिकाम्या होल्स्टरमध्ये साध्या पांढऱ्या कापडाची गुंडाळी भरावी, म्हणजे तोंड चपटे होत नाही. ओलावा शोषणाऱ्या निळ्या सिलिका जेलच्या पुड्या उपयोगी आहेत. मात्र दाणे गुलाबी झाले, की ते १२० अंशांच्या आसपास तापवून पुन्हा कोरडे केल्याशिवाय त्या पुड्या केवळ शोभेच्या उरतात.

जाड होल्स्टरची उसवलेली शिलाई कोल्हापुरी चपला बनवणाऱ्या एका कारागिराने मेणाच्या दोऱ्याने, जुन्याच छिद्रांतून घालून दिली. वनस्पतिजन्य कमावणीचे चामडे या मंडळींच्या हातातले असल्याने काम नेटके झाले, आणि ते होल्स्टर आज रोजच्या वापरात आहे. मऊ होल्स्टर मात्र मी वापरातून काढले आहे. त्याचे तोंड इतके ढिले पडले होते, की रिव्हॉल्व्हर आत सरकवताना चामड्याची घडी चापाभोवतीच्या कडीत शिरत होती. अशा घडीने चाप दाबला जाऊन गोळी सुटू शकते, आणि ढिले पडलेले तोंड कोणत्याही लेपाने पुन्हा ताठ होत नाही. विकल्यास दुसरा कोणी ते कमरेला लावील, म्हणून मी त्याचे तोंड कापून टाकले आणि पितळी बटणे तेवढी काढून ठेवली.