आमच्या मेजरांचा ओटा उर्फ नगरसेवक संपर्क कार्यालय : ४ स्टार

शेवभाजीच्या हॉटेलांचे रिव्ह्यू लिहिते मी, तिथे नाही आवडलं तर परत जायचं नसतं. नगरसेवकासोबत पाच वर्षं काढायची असतात, मग त्याचा रिव्ह्यू का नको. गाव जळगाव जिल्ह्यातलं, नगरपालिकेचं, नाव मुद्दाम लिहीत नाही.

मेजर हे मेजर नाहीत. बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे खडकीवाल्या पलटणीतून, हवालदार म्हणून रिटायर झाले, पण आपल्या खान्देशात पेन्शन घेऊन आलेला प्रत्येक फौजी मेजरच असतो, त्यांनी दोनतीनदा सांगून पाहिलं, मग नाद सोडला.

ऑफिस म्हणजे घराचा ओटा, वर पत्रा, एक टेबल, माठ आणि लांबट रजिस्टर. चारेक वर्षं पालिकेवर प्रशासक होता, नगरसेवकच नव्हते कोणी, तेव्हापासून हे रजिस्टर चालू आहे. २ डिसेंबर २०२५ ला मतदान झालं, २१ ला निकाल, गुलाल वगैरे सगळं झालं आणि २२ ला सकाळी सातला ओटा उघडा, फक्त रजिस्टर नवीन. तक्रार लिहून घेतल्याशिवाय सोडत नाहीत, तारीख, गल्ली, वेळ पण फौजी, साडेसात नाही तर ०७३०, आणि खाली आपली सही. सासूबाई म्हणे, "सही कसाले, मी काय कर्ज काढी राहिनू का?"

आता मुख्य काम. आमच्याकडे चौथ्या दिवशी पाणी, त्यात मार्चपासून करंगळीएवढी धार. पालिकेत दोनदा गेले, वरूनच प्रेशर कमी आहे म्हणे. मेजर रात्री अकराला आले, दिवसा गाड्यांच्या आवाजात काही कळत नाही म्हणून, हातात लोखंडी सळई. एक टोक पाईपावर नाहीतर जमिनीवर टेकवायचं, दुसरं कानाला, असं करत गल्लीभर फिरले, एका जागी थांबले आणि सळई माझ्या हातात दिली, "ऐका ताई." तापल्या तव्यावर पाण्याचा शिपका मारल्यासारखं सुरसुर चाललेलं! तिथे खडूने फुली मारली. हे फौजेत शिकवतात का विचारलं तर म्हणे नाही हो, पालिकेच्या एका रिटायर व्हॉल्व्हमनने शिकवलं, फौजेत मी रजिस्टर लिहायला शिकलो.

आणि तेव्हाच सरळ सांगितलं की रस्ता खोदायची ऑर्डर माझ्या हातात नाही, ती मुख्याधिकाऱ्यांकडून निघते, मी फक्त मागे लागू शकतो. मला हेच आवडलं, नाहीतर उद्या करून देतो म्हणणारे खूप बघितलेत. एकोणीस दिवस लागले. लिकेज निघालं फुलीपासून हातभर लांब, पण निघालं.

सळई घेऊन आले त्याच रात्री मेजर पाणी प्यायला घरात आले तर भिंतीवर सासऱ्यांचा वर्दीतला फोटो. लगेच सासूबाईंना, "वहिनी, घरपट्टी भरता का तुम्ही?" राज्यात २०२० पासून माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना एका घराची घरपट्टी माफ आहे, आम्ही आपले दरवर्षी भरून राहिलो. जळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून दाखला आणायचा आणि पालिकेत अर्जाला जोडायचा, कागदांची यादी त्यांनीच लिहून दिली. आधी भरलेल्याचं काय विचारलं तर म्हणे त्याच्या नादी लागू नका, पुढचं वाचवा.

आता स्टार का कापला. वेळ सात ते नऊ, म्हणजे बायकांची डबे-शाळेची वेळ, आणि नऊला रजिस्टर बंद म्हणजे बंद, समोर कोणी उभं असलं तरी. फोन बटणांचा, फोटो पाठवायची सोय नाही. रविवारी गल्ली झाडायला सगळ्यांना लाईनीत उभं करतात, आमचे हे तेव्हा शेतावर पळून जातात. बोलणं पण कडक, एकदा मला सगळ्यांदेखत "लाईन में आओ" म्हटले, दोन दिवस मी गेलेच नाही.

आमच्या गटारीची नोंद अजून लाल पेनाने गोल केलेली दिसते, ती बंद झाली की रिव्ह्यू एडिट करून पाचवा टाकते.