आठ महिने वापरल्यावर: लॅपटॉप उत्तम, पण ४८ आकड्यांची रिकव्हरी की पहिल्याच दिवशी ताब्यात घ्या

निपाणीत माझं टायपिंग आणि डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, मराठी अर्ज आणि कचेरीत द्यायचे कन्नड अर्ज असं दोन्ही लिप्यांतलं काम रोज चालतं. गेल्या दिवाळीत कोल्हापुरातून नवा लॅपटॉप घेतला. १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी (विंडोजमध्ये ती ४७६ च्या आसपास दिसते, त्यात फसवणूक नाही, मोजण्याची पद्धत वेगळी), विंडोज ११ होम आधीच घातलेलं. स्क्रीन, कीबोर्ड, वेग याबद्दल तक्रार नाही. करंट गेला तरी चार-साडेचार तास काम निघतं, आमच्याकडं हे महत्त्वाचं. लिहायचंय ते चालू होण्याच्या भानगडीबद्दल.

पहिला त्रास महिन्याभरातच सुरू झाला. रात्री नीट शटडाउन केलेला लॅपटॉप सकाळी दुकान उघडल्यावर चालू व्हायचा, पंखा फिरायचा, पण पडदा काळा. पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरलं की बंद व्हायचा आणि मग व्यवस्थित यायचा. कारण निघालं फास्ट स्टार्टअप. ही सोय चालू असली की शटडाउन केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, गाभ्याची अवस्था डिस्कवर साठवून ठेवतं आणि सकाळी तीच उचलतं. एखाद्या ड्रायव्हरला (पडद्यासारखा एकेक भाग चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) ते मानवलं नाही की असा काळोख. रीस्टार्ट केल्यावर मात्र सगळं नव्यानं लोड होतं, म्हणून रीस्टार्टला अडचण येत नव्हती. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपसमोरची खूण काढली. चालू व्हायला थोडा वेळ जास्त लागतो, पण त्यानंतर एकदाही काळा पडदा आला नाही. पडदा काळा असूनही लॅपटॉप जागा आहे असं वाटलं, तर आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबून बघा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो.

खरा घोर लागला तो ऐन लग्नसराईत. त्या आठवड्यात अकरा पत्रिका छापखान्यात जायच्या होत्या. संध्याकाळी अपडेट बसलं, रीस्टार्ट झाला आणि मग गोल फिरणारे ठिपके, पुन्हा बंद, पुन्हा ठिपके. शेवटी 'ऑटोमॅटिक रिपेअर' आणि त्यापाठोपाठ निळा पडदा: रिकव्हरी की घाला. ४८ आकडे!

मी कधी कुलूप लावलंच नव्हतं, मग किल्ली कुठली? शोधल्यावर कळलं की नव्या लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं पहिल्यांदा लॉगिन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचं सगळं कुलूपबंद करणारी सोय, बहुतेक वेळा आपोआप चालू होतं. रोज ते जाणवत नाही, कारण आतली टीपीएम चिप स्वतःच कुलूप उघडून देते. चालू होण्याच्या साखळीत काही बदललेलं दिसलं, किंवा दुरुस्तीच्या पडद्यावरून डिस्कला हात लावायचा झाला, की ती किल्ली मागितली जाते. आणि ही किल्ली जमा होते ती सेटअप करणाऱ्याच्या खात्यात. माझ्या लॅपटॉपचा सेटअप कोल्हापूरच्या दुकानातल्या पोरानं करून दिला होता, त्या दुकानाच्याच खात्यावरून. मी नुसता पिन बदलून वापरत होतो.

हेल्पलाइनवर भाषा निवडायला कन्नड, हिंदी, इंग्रजी. मराठी नाही. कन्नड मला येतं, पण गावातल्या माझ्या वयाच्या किती जणांना फोनवर तांत्रिक गोष्ट त्या भाषेत सांगता येईल? त्यांचा सल्ला एकच, सगळं पुसून रीसेट करा. मी नाही म्हटलं. पत्रिकांच्या फायली त्यातच होत्या.

भाचा म्हणाला, "मामा, पडद्यावर की आयडी दिसतोय न्हवं? त्याचे पहिले आठ अक्षर-आकडे दुकानवाल्याला सांगा, त्याच्या यादीत बरोबर सापडंल." रात्री साडेनऊला फोन लावला. त्या खात्यात कितीतरी लॅपटॉपच्या किल्ल्या होत्या. त्यानं आयडी जुळवून सहा-सहा आकड्यांचे आठ गट वाचून दाखवले, मी वहीत लिहिले, पुन्हा वाचून खात्री केली. कुलूप उघडलं.

पुढं स्टार्टअप रिपेअर चालवलं, दुरुस्त करता आलं नाही असं उत्तर आलं. म्हणून आधी फायली वाचवल्या, आणि ही युक्ती प्रत्येकानं लक्षात ठेवावी. ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून कमांड प्रॉम्प्ट उघडा, त्यात इंग्रजीत नोटपॅड टाइप करून एंटर मारा. नोटपॅडच्या फाइल मेन्यूतल्या ओपनमध्ये गेलात की खिडकीत सगळे ड्राइव्ह दिसतात. खाली 'ऑल फाइल्स' निवडा, आपलं फोल्डर कॉपी करून पेनड्राइव्हवर पेस्ट करा. तिथं सी ड्राइव्हचं अक्षर बदललेलं असू शकतं, गोंधळू नका. कॉपी किती झाली ते दिसत नाही, धीर धरावा लागतो.

मग 'अनइन्स्टॉल अपडेट्स'मधून शेवटचं क्वालिटी अपडेट काढलं, आणि लॅपटॉप उठला. रात्रीचे पावणेबारा वाजले होते. सगळ्या पत्रिका वेळेत गेल्या.

'कीप माय फाइल्स' निवडून रीसेट करण्याचा मोह तेव्हाही झाला होता. त्यात कागदपत्रं राहतात, पण वरून घातलेली सॉफ्टवेअरं जातात. माझं कन्नड टायपिंगचं नुडी गेलं असतं, जमवलेले मराठी फॉन्टही पुन्हा घालावे लागले असते. तो उपाय अगदी शेवटी ठेवा.

दुसऱ्या दिवशी स्वतःच्या खात्यानं लॉगिन केलं, सेटिंग्जच्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटीतून डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद केलं, ते पूर्ण उतरू दिलं आणि परत चालू केलं. नवी की आता माझ्या खात्यात आहे. कागदावर लिहून जमिनीच्या उताऱ्यांच्या फायलीत ठेवलीय. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर रिकव्हरी ड्राइव्हही करून ठेवला. त्यावरून चालू करायची कळ कंपनीनुसार वेगळी असते, डेल आणि लेनोवोत बहुधा एफ१२, एचपीत एस्केप दाबून एफ९. आपली कुठली ते आजच बघून त्या पेनड्राइव्हवर चिकटपट्टी लावून लिहा.

लॅपटॉप मी पुन्हा हाच घेईन. फक्त दुकानात सेटअप करू देणार नाही, खोका घरी आणून स्वतः बसेन. गेल्या महिन्यात भाच्यानं नवा घेतला, तेव्हा आम्ही तसंच केलं. माझ्या लॅपटॉपची उजवी बिजागरी आता थोडी करकरते. वॉरंटीचे चार महिने उरलेत, बिल कोल्हापूरचं असलं तरी दुरुस्ती बेळगावला होईल असं सांगितलंय, श्रावणात काम कमी झालं की घेऊन जाईन.