मुरुमांसाठी रात्री लावायचं जेल : कराडच्या काउंटरमागून

मुरुमांसाठी आमच्या दुकानातून रोज जे काही खपतं, त्यात खर्च केलेला पैसा खरोखर वसूल होतो असं औषध कोणतं, असं कुणी विचारलं तर मी एकाच गोष्टीचं नाव घेते. अ‍ॅडापॅलिन ०.१ टक्के आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के एकत्र असलेलं जेल. मी फार्मासिस्ट आहे, कराडला एसटी स्टँडजवळच्या एका मेडिकलमध्ये काम करते आणि गेल्या वर्षापासून हेच जेल स्वतःच्या चेहऱ्याला लावते. बऱ्याच कंपन्या ते काढतात, म्हणून कंपनीचं नाव देत नाही. खोक्यावर ही दोन नावं आणि हे दोन आकडे असले की झालं.

माझे मुरुम कॉलेजातले नाहीत. तिशीनंतर सुरू झाले. जबड्याच्या कडेला आणि हनुवटीखाली, आत रुतलेले, हात लागला तरी ठणकणारे, पाळीच्या आधीच्या आठवड्यात हमखास डोकं वर काढणारे. बायकांमध्ये हे सर्रास आढळतं आणि त्याला हार्मोन्सचा धागा असतो. त्वचारोगतज्ज्ञांनी चेहरा बघण्याआधी पाळी नियमित येते का, हनुवटीवर राठ केस येतात का, वजन वाढलंय का हे विचारलं. पीसीओएस, म्हणजे पाळी आणि हार्मोन्स बिघडवणारं अंडाशयाचं दुखणं, नाही ना याची खात्री करून घेतली आणि मगच चिठ्ठी लिहिली. ज्या बाईची पाळी दोन-दोन महिने चुकते तिला नुसतं जेल पुरणार नाही, मूळ दुखण्याकडे बघावंच लागतं. म्हणून हे आधी सांगितलं.

मुरुम येतो कसा, हे गिऱ्हाइकाला समजावून सांगितल्याशिवाय हे औषध विकूच नये या मताची मी आहे. केसाच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. वयात येताना अँड्रोजेन हार्मोन वाढतात, मुलांमध्ये आणि मुलींमध्येही, आणि ती ग्रंथी जास्त तेल सोडायला लागते. त्याच वेळी छिद्राच्या आतल्या मृत पेशी सुट्या होऊन गळण्याऐवजी एकमेकींना चिकटतात आणि बूच बसतं. बुचामागे तेल साठतं, त्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस नावाचे जिवाणू वाढतात, शरीर त्यांच्यावर तुटून पडतं आणि जागा लाल होऊन सुजते. तेल, बूच, जिवाणू, सूज. ब्लॅकहेडचा काळेपणा हा मळ नसतो. उघड्या तोंडाच्या बुचातलं रंगद्रव्य आणि हवेनं बदललेलं तेल काळं दिसतं. त्यामुळे साबणानं दिवसातून पाच वेळा घासूनही ते निघत नाही, उलट कातडी सोलवटून सूज वाढते.

आता मुद्द्याची गोष्ट. बूच बसायला सुरुवात झाल्यापासून डोळ्याला पुळी दिसेपर्यंत कित्येक आठवडे जातात. आज आरशात दिसणारा फोड आजचा नसतो, आणि पुढच्या महिन्यात येणारे फोड आत्ताच तुमच्या गालात, वरून स्वच्छ दिसणाऱ्या कातडीखाली तयार होत असतात. म्हणूनच हे जेल दिसणाऱ्या फोडावर टिपका देऊन लावायचं नसतं, सगळ्या चेहऱ्याला लावायचं असतं. आणि म्हणूनच त्याचा गुण यायला दोन ते तीन महिने लागतात. माझ्याकडून ट्यूब नेऊन ‘काही उपयोग नाही’ म्हणत परत येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते फोडांपुरतंच लावलेलं असतं किंवा पंधरा दिवसांत सोडलेलं असतं. औषध त्यांच्यावर चाललं की नाही हे कळायची वेळच आलेली नसते.

दोन घटकांची कामं वेगळी आहेत. अ‍ॅडापॅलिन हे रेटिनॉइड, म्हणजे अ जीवनसत्त्वासारखं काम करणारं औषध. ते छिद्रातल्या पेशींना चिकटू देत नाही, बूच बसण्याच्या जागीच घाव घालतं आणि सूजही कमी करतं. बेन्झॉइल पेरॉक्साइड ऑक्सिजन सोडून जिवाणू मारतं, आणि अँटिबायोटिकला जिवाणू जसे सरावतात तसे याला सरावत नाहीत. ट्रेटिनॉइन हे जुनं रेटिनॉइड उजेडात आणि बेन्झॉइल पेरॉक्साइडसोबत टिकत नाही. अ‍ॅडापॅलिन टिकतं, म्हणूनच दोघं एका ट्यूबमध्ये नांदू शकतात. अमेरिकेत अ‍ॅडापॅलिनला १९९६ साली मंजुरी मिळाली आणि २०१६ पासून तिथे ०.१ टक्क्याचं जेल चिठ्ठीशिवाय मिळतं. तरी आपल्याकडे एकदा डॉक्टरांना दाखवूनच सुरू करावं असं मी सांगते, कारण चेहऱ्यावरची प्रत्येक पुळी म्हणजे मुरुम नव्हे. कपाळावर एकसारख्या बारीक, खाजणाऱ्या पुळ्या असतील तर ती बुरशीही असू शकते, आणि तिच्यावर उपाय वेगळा.

वापरायची माझी पद्धत सांगते. रात्री साध्या फेसवॉशनं तोंड धुवायचं, टिपून घ्यायचं आणि चेहरा पूर्ण कोरडा होऊ द्यायचा. ओल्या कातडीवर लावलं की आग जास्त होते. बोटाच्या पेरावर मटारच्या दाण्याएवढं जेल काढायचं, त्याचे ठिपके कपाळ, दोन्ही गाल, नाक आणि हनुवटीवर द्यायचे आणि पातळ पसरायचं. डोळ्यांभोवती, ओठांच्या कोपऱ्यात आणि नाकपुडीच्या खाचेत नाही, तिथे आधी थोडं व्हॅसलिन फिरवलं तर बरंच. वरून मॉइश्चरायझर. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, मग सोसवेल तसं रोज. एवढंसं जेल सगळ्या चेहऱ्याला कसं पुरेल असं प्रत्येक जण विचारतो. पुरतं. जास्त लावलं तर गुण लवकर येत नाही, साल तेवढी जास्त निघते.

त्रास होतो, तो लपवत नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत माझे गाल ताणल्यासारखे झाले, हनुवटीची साल निघाली, आणि अंघोळीच्या गरम पाण्यानं चांगली चुरचुर व्हायची. काही नवे फोडही आले. आत दबून बसलेले आधी वर येतात, त्यामुळे महिनाभर चेहरा बिघडल्यासारखा वाटू शकतो, आणि बहुतेक लोक नेमकं तिथेच थांबतात. दोन महिने होताहोता जबड्यावरचे दुखरे गोळे उमटायचे थांबले. तिसऱ्या महिन्यात पाळीआधीचा आठवडा आला आणि एखाद्या बारीक पुळीवर निभावला. मला तेवढं पुष्कळ होतं. कुणाशी बोलताना हनुवटीवर हात ठेवायची सवय सुटली.

डागांचं मात्र वेगळं गणित. आपल्या सावळ्या, गव्हाळ कातडीवर फोड बसला की मागे काळसर डाग राहतो आणि तो जायला महिने लागतात. जेलनं तो हळूहळू फिका होतो, पण उन्हात तोंड उघडं टाकून दुचाकीवर फिरलात तर तोच डाग पुन्हा गडद होतो. त्यामुळे सकाळी किमान ३० एसपीएफचं सनस्क्रीन या औषधाचाच भाग समजा. खड्डे पडले असतील तर ते कोणत्याही जेलनं भरत नाहीत. त्यासाठी त्वचातज्ज्ञांकडची प्रक्रिया लागते, आणि मुरुम नखानं फोडू नका असं मी सारखं म्हणते ते याच खड्ड्यांच्या भीतीनं.

आणखी एक, जे खोक्यावर मोठ्या अक्षरात हवं होतं. बेन्झॉइल पेरॉक्साइड कापडाचा रंग उडवतं. आमच्या घरच्या मरून सोलापुरी चादरीवर माझ्या उशीच्या बाजूला पिवळट ठिपके पडलेत ते धुऊन जाणारे नाहीत. उशीचे अभ्रे आणि तोंड पुसायचा टॉवेल पांढरा ठेवा. माहितीपत्रकात हे लिहिलेलं असतं, पण मुंगीच्या डोळ्याएवढ्या इंग्रजी अक्षरांत. या उत्पादनातली मला सगळ्यात खटकणारी गोष्ट हीच. औषध चांगलं आहे आणि ते वापरायचं कसं हे वापरणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही. मी खोक्यावर पेननं लिहून देते : ‘रात्री. पूर्ण चेहरा. मटारएवढं. तीन महिने. पांढरा टॉवेल.’ ते खोकं जपून ठेवणारी मुलं-मुली नंतर भेटतात तेव्हा फार बरं वाटतं.

काउंटरवर याच्याशी स्पर्धा करतं ते काय? सगळ्यात घातक म्हणजे स्टेरॉइडची मिश्रणं. ‘ताई, मैत्रीण लावते ती गोरं करणारी ट्यूब द्या’ असं म्हणत अकरावी-बारावीतल्या मुली येतात. त्या ट्यूबमध्ये बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन असतं. पहिल्या आठवड्यात चेहरा कसा तुकतुकीत दिसतो, आणि थांबवलं की दुप्पट फोड, लालभडक गाल, पातळ झालेली कातडी, वर बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं. त्या ट्यूबशिवाय चेहरा राहूच शकत नाही अशी अवस्था येते. २०१८ मध्ये सरकारनं अशी बरीच स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांची संघटना या मलमांच्या गैरवापराविरुद्ध कित्येक वर्षं बोलतेय. तरी मागणी थांबलेली नाही आणि देणारी दुकानंही आहेत. मी देत नाही, आणि ती मुलगी समोर उभी असेतोवर कारण सांगते.

दुसरं म्हणजे नुसतं क्लिंडामायसिन या अँटिबायोटिकचं जेल महिनोन्महिने लावणं. सुरुवातीला छान चालतं, मग जिवाणू सरावतात. ते लावायचंच तर बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या जोडीनं. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या डॉक्टर देतात तेव्हा त्या ठरलेल्या काळापुरत्या असतात, साधारण तीन-चार महिने, आणि भरपूर पाण्यासोबत घेऊन लगेच आडवं व्हायचं नसतं. जुनी चिठ्ठी दाखवून वर्षभर त्याच गोळ्या नेणाऱ्यांना मी परत डॉक्टरांकडे धाडते. छातीपाठीवर मोठ्या गाठी आणि व्रण असतील तर पोटात घ्यायचं आयसोट्रेटिनॉइन लागू शकतं. जबरदस्त औषध आहे, पण गर्भावर त्याचा भयंकर परिणाम होतो आणि रक्ताच्या तपासण्या कराव्या लागतात. ते डॉक्टरांच्या नजरेखालीच.

घरगुती सल्ल्यांबद्दल. ‘पोट साफ नाही’, ‘रक्त बिघडलंय’, ‘उष्णता झाली’ ही कारणं मी रोज ऐकते. परवा दहावीतल्या मुलाला घेऊन मलकापूरच्या एक काकू आल्या. म्हणाल्या, ‘ताई, ह्याचं आंबे खाणं बंद केलंय, तरी कपाळ बघा.’ मी कपाळ बघितलं. भांगाच्या रेषेपासून भुवईपर्यंत बारीक बुचं होती, आणि केसांतून खोबरेल तेल अक्षरशः चमकत होतं. आजी रोज सकाळी थापून देते म्हणे. खोबरेल तेल कपाळावर उतरलं की छिद्रं बुजतात. तेल लावायचं तर रात्री डोकं धुवायच्या आधी तासभर, आणि कपाळाला लागू द्यायचं नाही, एवढंच सुचवलं. आंबे खाऊ द्या म्हटलं. खाण्यातलं ज्याबद्दल थोडाफार पुरावा आहे ते म्हणजे झपाट्यानं साखर वाढवणारे पदार्थ, दूध, आणि जिममधल्या मुलांची व्हे प्रोटीन पावडर. पावडर सुरू केल्यावर खांद्यावर आणि पाठीवर फोड उठलेली मुलं मला कॉलेजच्या बाजूनं नेहमी दिसतात. हेल्मेटचा पट्टा जिथे घासतो तिथेही मुरुम येतात, पट्टा धुवावा. लिंबू, खायचा सोडा आणि टूथपेस्ट चेहऱ्याला लावू नका. भाजतं आणि डाग पडतो.

किमतीचं बोलायचं तर साध्या बेन्झॉइल पेरॉक्साइडपेक्षा हे जेल महाग पडतं. ज्यांना परवडत नाही त्यांनी डॉक्टरांना नुसतं अ‍ॅडापॅलिन किंवा नुसतं बेन्झॉइल पेरॉक्साइड लिहून द्यायला सांगावं. एकत्र असलेलं जास्त गुणकारी, पण एकटंही काम करतं. १५ ग्रॅमची ट्यूब नीट मापानं वापरली तर महिन्याच्या पुढे जाते.

दिवस गेलेल्या किंवा मूल हवं असलेल्या बायकांनी हे लावू नये, डॉक्टरांना सांगून दुसरं घ्यावं. चेहऱ्यावर इसब किंवा उघडी जखम असेल तर नाही. ज्यांचा चेहरा स्वच्छ झाला त्यांनीही एकदम बंद करू नये, मुरुमांची प्रवृत्ती तशीच असते. मी आता आठवड्यातून तीन रात्री लावते, पाळीच्या आधी रोज.

आणि उन्हाळ्यात ट्यूब गाडीच्या डिकीत किंवा खिडकीत ठेवू नका. उष्णतेनं बेन्झॉइल पेरॉक्साइडचं विघटन होऊन बेन्झिन तयार होऊ शकतं, २०२५ मध्ये अमेरिकेत याच कारणानं काही उत्पादनं बाजारातून परत घेतली गेली. कपाटात, सावलीत ठेवा. खोक्यावरची मुदत बघून घ्या, आणि मुदत जवळ आलेली ट्यूब दुकानदारानं दिली तर बिनधास्त बदलून मागा.