पुढचा पत्ता सांगणारं सॉफ्टवेअर घेतलं आणि माझेच पत्ते उघडे पडले

ऑनलाइन पोकर खेळत असाल आणि ‘पत्ते कसे पिसले जातात ते आम्हाला कळलंय’ असं सांगत कुणी सॉफ्टवेअर विकायला आलं, तर पैसे देण्याआधी माझं हे ऐका.

मला भेटलेला माणूस अडाणी नव्हता. त्याने सुरुवातच एका खऱ्या घटनेने केली, आणि मी अडकलो तो तिथेच. 1999 साली काही प्रोग्रामरांनी एका पोकर साइटचा पत्ते पिसण्याचा कोड तपासला होता. आमचा खेळ स्वच्छ आहे हे दाखवायला तो उघड करण्यात आला होता! त्यात पिसणं सुरू व्हायचं ते एका आकड्यावरून, आणि तो आकडा म्हणजे मध्यरात्रीपासून उलटलेले मिलिसेकंद. एका आकड्यातून पत्त्यांचा एकच क्रम निघायचा, आणि दिवसभरात असे 8 कोटी 64 लाख आकडे होतात. ऐकायला प्रचंड वाटतं, पण 52 पत्त्यांचे क्रम मोजायला 68 अंकी संख्या लागते. म्हणजे बहुतेक सगळे क्रम त्या साइटवर कधी येणारच नव्हते. शिवाय कोडमध्ये एक चूक होती, त्यामुळे शेवटचा पत्ता शेवटच्या जागी कधीच राहू शकत नव्हता. त्या प्रोग्रामरांनी आपलं घड्याळ साइटच्या घड्याळाशी जुळवलं, शक्यता दोनेक लाखांवर आणल्या, हातातले दोन झाकलेले आणि टेबलावर सगळ्यांसाठी उघडणाऱ्या पाचांपैकी पहिले तीन पत्ते ताडून पाहिले, की अख्खा कॅट त्यांच्यासमोर उघडा. कोणाच्या हातात काय आहे आणि पुढे काय येणार, सगळं.

हे सगळं खरं आहे. त्याने सांगितलं नाही ते एवढंच, की ही चूक तेव्हाच दुरुस्त झाली. आता नीट बांधलेल्या सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीचा आकडा घड्याळावरून घेत नाहीत. अंदाज बांधता येणार नाही अशा भौतिक गोंगाटातून, म्हणजे यंत्रातल्या सूक्ष्म विद्युत चढउतारांसारख्या गोष्टींतून, तो तयार करतात आणि तो 52 पत्त्यांच्या सगळ्या क्रमांना पुरून उरेल इतका मोठा ठेवतात.

सॉफ्टवेअर बसवताना अँटिव्हायरस बंद करायला सांगितलं. ‘तो उगाच संशय घेतो’ म्हणे. मी बंद केला. टेबलाशेजारी एक छोटी खिडकी यायची आणि पुढचा पत्ता ‘किल्वर’ की ‘बदाम’ ते सांगायची. अंदाज बरोबर आला की मी थक्क व्हायचो, चुकला की विसरून जायचो. नंतर नोंदी काढून मोजलं तेव्हा 212 डावांत रंग 51 वेळा बरोबर निघाला. चारांत एकदा, म्हणजे डोळे मिटून बोललो असतो तरी इतकंच जमलं असतं.

पण खरी चोरी खिडकीत नव्हती. आठवड्याभरात एक खेळाडू वारंवार माझ्याच टेबलावर येऊन बसू लागला. मला राजांची जोडी आली की तो पहिल्याच पैशाला पत्ते टाकून द्यायचा. एक डाव अजून डोळ्यांसमोर आहे. माझ्या हातात बदाम गुलाम आणि बदाम दश्शी. टेबलावर बदाम एक्का, बदाम नव्वी, किल्वर राणी, मग चौकट तिर्री, इस्पिक सत्ती. एकाच रंगाचे पाच जमले नाहीत, सलग पाचही नाहीत, म्हणजे हातात काहीच नाही. तरी समोरचा घाबरून पत्ते टाकेल म्हणून मी सगळे पैसे लावले. त्याने क्षणभरही न थांबता बरोबरी केली आणि दाखवली नुसती चौव्वीची जोडी. एक्का आणि राणी टेबलावर पडलेली असताना! समोरच्याचे पत्ते दिसत असल्याशिवाय असं कोणी करत नाही.

संगणकाचं काम करणाऱ्या मित्राने मशीन उघडून पाहिलं. ते सॉफ्टवेअर दर थोड्या वेळाने टेबलाचं चित्र टिपून बाहेर पाठवत होतं. त्या चित्रात माझे दोन पत्ते आणि माझं खेळातलं नाव, दोन्ही. नाव मिळालं की टेबल शोधायला वेळ लागत नाही. ईसेट या अँटिव्हायरस कंपनीने 2015 मध्ये ‘ओडलानोर’ नावाचा नेमका असाच ट्रोजन, म्हणजे उपयोगी प्रोग्रामच्या आडून शिरणारा चोर प्रोग्राम, उघडकीला आणला होता. तोही पोकरच्या मदतनीस प्रोग्राममधून पसरत होता. मला हे आधी माहीत असतं तर!

म्हणून पिसण्यावरच नजर लावून बसू नका. 2007 मध्ये अ‍ॅब्सोल्यूट पोकर या साइटवर घोटाळा झाला, तोही कॅट पिसण्यात नव्हता. आतल्या खात्यातून सगळ्यांचे पत्ते बघितले जात होते. एका खेळाडूने स्पर्धेच्या नोंदी मागवल्या, त्यात सगळ्यांचे पत्ते आले आणि त्यांतूनच ते सापडलं. तुम्हीही नोंदी जपून ठेवा. एकच माणूस तुमच्या चांगल्या पत्त्यांना पळतोय आणि पोकळ पत्त्यांना भिडतोय असं वाटलं, तर त्याच दिवशी खेळणं थांबवा आणि मशीन तपासून घ्या. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून बदला.

मी नोंदी आणि त्या सॉफ्टवेअरची फाइल साइटच्या सुरक्षा विभागाला पाठवली. त्या खेळाडूचं खातं बंद झालं. पैसे तोवर काढून घेतलेले होते.