नाव खरं, साइट खोटी

प्रमोशनच्या फायली जमवणाऱ्यांसाठी लिहितेय. खोट्या जर्नलच्या साइटवर माझे अठरा हजार गेले.

२०२२ची गोष्ट. मी पुण्यात एका कॉलेजात शिकवते. फाइलला यूजीसी-केअर यादीतल्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) मान्य केलेल्या, जर्नलमधला एक लेख कमी पडत होता. ही यादी सांभाळणारा कक्ष आमच्याच गणेशखिंडीच्या विद्यापीठात होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. एका जर्नलकडून लेख मागवणारा मेल आला. नाव यादीत शोधलं, सापडलं. जर्नलचा आयएसएसएन क्रमांकही जुळला. मी निर्धास्त.

जर्नल खरंच होतं, वर्षानुवर्षं छापील निघणारं. फक्त त्यांची स्वतःची वेबसाइट नव्हती. कुणीतरी तेच नाव, तोच आयएसएसएन लावून दुकान थाटलं होतं. याला क्लोन जर्नल म्हणतात, हे मला नंतर कळलं. आयएसएसएन हा नुसता नोंदणी क्रमांक आहे, दर्जाचा दाखला नव्हे, हेही नंतरच.

खुणा डोळ्यांसमोर होत्या. मंगळवारी पाठवलेला लेख शुक्रवारी मंजूर, तोही एक स्वल्पविराम न हलवता! माझे गाईड साधा अर्जसुद्धा लाल पेन लावल्याशिवाय परत देत नसत. पैसे मागितले ते कुणाच्या तरी वैयक्तिक यूपीआयवर. आणि साइटवर झळकणारा ‘ग्लोबल इम्पॅक्ट फॅक्टर ७.२’. खरा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलच्या लेखांचा सरासरी किती वेळा संदर्भ दिला जातो तो आकडा, क्लॅरिव्हेट ही कंपनी काढते: आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांचे त्या वर्षात किती वेळा संदर्भ दिले गेले, भागिले त्या लेखांची संख्या. नावाआधी ‘ग्लोबल’, ‘युनिव्हर्सल’ जोडलेले आकडे विकत मिळतात. आम्ही मात्र आकड्याला भुलतो.

कॉलेजच्या ग्रंथपाल मॅडमनी लेखाचा डीओआय, म्हणजे ऑनलाइन लेखाचा कायमचा ओळख क्रमांक, टाकून पाहिला, उघडेना. मग छापील अंकावरच्या नंबरवर फोन लावला. संपादक वैतागून म्हणाले, "या महिन्यातल्या तुम्ही चौथ्या." १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण पैसे भरून सात महिने झाले होते.

केअर यादी २०२५मध्ये यूजीसीने बंदच केली, म्हणजे पारख आता ज्याची त्याने करायची. छापील अंक मागवा, त्यावरचा पत्ता आणि मेल बघा, तिथे विचारा, मगच लेख पाठवा.

माझा लेख अजून त्या साइटवर लटकलाय. काढा म्हटलं तर मागे घ्यायची फी दहा हजार सांगतात. आणि तो तिथे दिसतोय तोवर दुसरं जर्नल त्याला हात लावत नाही.