चोर बाजारातली संगीन, १९०७ बघून फसू नका

मटण स्ट्रीटवरच्या एका दुकानातून ली-एनफिल्ड रायफलची संगीन घेतली, दुकानदार म्हणाला १९०७ ची आहे साहेब, पात्यावर कोरलंय बघा. पण मित्रांनो १९०७ हे पॅटर्नचं, म्हणजे डिझाइनचं साल, बनवल्याचा महिना आणि साल त्याच्याखाली बारीक आकड्यांत असतं, माझ्यावर १ आणि १७ आहे म्हणजे जानेवारी १९१७. मुठीच्या टोकाला घाण-ग्रीस निघायला भोक आहे, ते १९१६ पासून यायला लागलं, म्हणजे बरोबर जुळतंय! पातं पूर्ण १७ इंच. म्यान मात्र भलत्याच कुठल्यातरी संगिनीचं. आणि विकायच्या आधी कोणीतरी बफ मारून चकाचक केलंय, तपासणीचे शिक्के अर्धे गेले, जीव हळहळला अक्षरशः, जुनी वस्तू घासू नका रे. पाचपैकी साडेतीन.